पुसण्याचीही शिस्त

घरातील मुले संगणकशास्त्र शिकू लागली की त्यांच्या पडद्यावर 'विम' हे मजकूर लिहिण्या-सुधारण्याचे साधन कधीतरी दिसतेच. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात 'व्हीआय' रचले. नेदरलँड्सचे ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये त्याच धर्तीवरील 'विम' प्रसिद्ध केले. ते विनामूल्य आहे. युगांडातील गरजू मुलांना साहाय्य करावे, एवढीच मोलेनार यांची विनंती असे.

येथे लेखनाची अवस्था वेगळी आणि आज्ञेची वेगळी. 'एस्केप' कळ दाबली की अक्षरे उमटत नाहीत, त्यांच्या आज्ञा होतात. 'एक्स'ने एक अक्षर जाते. 'डी' म्हणजे खोडणे. परंतु रकमेविना धनादेश जसा वटत नाही, तशी एकट्या 'डी'ने एक ओळही हलत नाही. किती खोडायचे, ते पुढील कळ सांगते. 'डी'पुढे 'डब्ल्यू' आल्यास शब्द, डॉलरचे चिन्ह आल्यास ओळीचा उर्वरित भाग, पुन्हा 'डी' आल्यास संपूर्ण ओळ. आरंभी ३ हा आकडा दिल्यास तीन ओळी. मोठ्या लिपीतील 'जी' मात्र जपून वापरावी. चालू ओळीपासून अखेरपर्यंत सर्व मजकूर जातो.

खोडलेले लगेच नाहीसे होत नाही. ते एका खणात राहते आणि 'पी' दाबताच हव्या त्या जागी परत उमटते. अलीकडे खोडलेल्या ओळींसाठी नऊ क्रमांकित खण असतात. 'यू'ने चूक मागे घेता येते.

तथापि फाइल जतन करून बंद केली की, वेगळी व्यवस्था केलेली नसल्यास, काय गेले, कोणी काढले, कधी काढले, याचा मागमूस राहत नाही. पत्रासाठी हे सोयीचे, हिशेबासाठी घातक. आपल्या खतावणीत चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारून, वर योग्य आकडा लिहून सही करण्याची रीत होती, ती याचसाठी. जुना आकडा वाचता येई, म्हणूनच नव्यावर विश्वास बसे. १ एप्रिल २०२३ पासून भारतातील कंपन्यांच्या हिशेबी संगणकप्रणालीत प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणे आणि ती नोंद बंद करता न येणे बंधनकारक आहे. भागीदारी वा एकल मालकीच्या पेढीस हा कंपनी-नियम लागू नसला, तरी त्यामागील विवेक लागू आहे.

मुलांनी खोडण्याच्या आज्ञा अवश्य शिकाव्यात. दुकानाचा हिशेब मात्र अशा ठिकाणी ठेवावा, जेथे खोडलेलेही वाचता येते.