मेळांची भीती कशाला?

कर्नाटक संगीतात 72 जनक मेळ आहेत, हे ऐकूनच आपल्या हैदराबादेतील काही पालक मुलांना शेजारच्या तेलुगू गुरुजींकडे पाठविण्यास बिचकतात. हे भय अनाठायी आहे.

व्यंकटमखींनी 17 व्या शतकात मांडलेल्या या रचनेत षड्ज-पंचम अचल असतात. पहिल्या 36 मेळांत शुद्ध मध्यम, पुढील 36 मेळांत आपला तीव्र मध्यम. विद्यार्थ्याचा आरंभ होतो तो 15 व्या मायामाळवगौळाने, म्हणजे आपल्या भैरव थाटाच्याच स्वरांनी! हा पाठ पुरंदरदासांनी घालून दिला, असे परंपरा मानते. आणि त्यांच्या पदांची मुद्रा आहे ‘पुरंदरविठ्ठल’. मग हे संगीत परके कसे?

या मेळात सा-रे-ग-म आणि प-ध-नि-सां यांतील अंतरे सारखीच असल्याने पूर्वार्ध साधला की उत्तरार्ध सुलभ होतो. रोज प्रातःकाळी हाताने आदिताल धरून तो तीन गतींत गावा : मात्रेस एक, मग दोन, मग चार स्वर. तो स्थिरावल्यावर केवळ मध्यम तीव्र करावा. 51 वा कामवर्धिनी, म्हणजे आपला पूर्वी थाट, गळ्यात येतो. एकेक स्वर असा पालटत गेल्यानेच कान तयार होतो.

पालकांनी मात्र येत्या गणेशोत्सवात गाणे झालेच पाहिजे, असा हट्ट धरू नये. वर्षभर हे स्वर घरात निनादू द्यावेत.