कुत्र्यांचा मास्तर

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव गेल्या मार्गशीर्षांत छत्रपति संभाजीनगरहून टेंभुर्णीस आले, ते चहा होण्यापूर्वींच म्हणाले, “काका, मीं नोकरी सोडली.” वय वर्षें एकेचाळीस, विमा कचेरींतली अठरा वर्षांची जागा, पदरीं दोन मुलें. पुढें काय करणार, असें विचारतां उत्तर आलें कीं कुत्रीं शिकविण्याचा धंदा करणार. आमच्या घराण्यांत भिक्षुकी झाली, मास्तरकी झाली, वकिली झाली, एका चुलत्यानें वडिलांशीं भांडून सायकलींचें दुकानहि काढलें. परंतु श्वानगुरु अद्यापि कोणी झाला नव्हता. सौभाग्यवतींनीं एवढेंच विचारलें, “म्हणजे तीं कुत्रीं घरांत येणार कीं काय?”

आम्हीं प्रथम गोष्ट थट्टेवारी नेली. पाणिनीनें कुत्रा, तरुण आणि इंद्र या तिघांची रूपें एकाच सूत्रांत साधलीं आहेत, तेव्हां ही संगत व्याकरणसिद्धच म्हणावयाची, असें आम्ही म्हणालों. चिरंजीव हंसले नाहींत. “काका, ऋग्वेदांतली सरमा काय करीत होती? पणींनीं लपविलेल्या गाईच हुडकीत होती ना? पोलिसांचीं कुत्रीं दुसरें काय करतात?” पुण्यास गुन्हे अन्वेषण विभागाचें श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. मुंबई पोलिसांचा जंजीर तेथेंच तयार झाला. १९९३ सालीं मुंबईंत बॉम्बस्फोट झाले, त्या प्रसंगीं या लॅब्रॅडॉर कुत्र्यानें ३,३२९ किलो आर. डी. एक्स., ६०० डिटोनेटर व २४९ हातबॉम्ब हुडकून दिले, असें सांगतात. २००० सालच्या नोव्हेंबरांत तो वारला तेव्हां पोलिसांनीं त्यास मानवंदना दिली. हें सर्व ऐकून आम्ही गप्प झालों खरे, पण पटलें मात्र नाहीं. पोलिसांतला शिक्षक आधीं शिपाई असतो व मग कुत्र्याकडे वळतो. त्याचा पगार चालू राहतो. मेरठच्या लष्करी केंद्रांत कुत्रीं शिकविलेला जवान निवृत्तीनंतर खासगी शिकवण्या करूं लागला तरी त्याच्या पाठीशीं निवृत्तिवेतन असतें. विम्याच्या कारकुनापाशीं काय आहे? चिरंजीवांनीं अशाच एका निवृत्त हवालदारांकडे दोन वर्षें रविवारीं उमेदवारी केली होती, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. ही त्यांची पुंजी. आपल्याकडे हा धंदा करणाऱ्याजवळ परीक्षेचा दाखला कोणी मागत नाहीं. आज पाटी लावली कीं उद्यां गुरु! म्हणूनच उमेदवारीची गोष्ट आम्हांस मोलाची वाटली.

शेजाऱ्यांचा वाघ्या अंगणांत आंखूड साखळीला बांधलेला असे, आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर धांवून जाई. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यांत, नेहमीं बांधून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणें हा अपराध सांगितला आहे. पहिल्या अपराधास त्यानें ठरविलेला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे साखळीहून स्वस्त! चिरंजीवांनीं शेजाऱ्यांस कायदा ऐकविला नाहीं. त्यांनीं साखळीच्या जागीं लांब दोर लावला, सकाळ-संध्याकाळ वाघ्यास शेतापर्यंत फिरवून आणलें, आणि तीन दिवस त्यास कांहींच शिकविलें नाहीं. चौथ्या दिवशीं तुपाचें बोट लावलेले हरभऱ्याएवढे भाकरीचे तुकडे घेऊन ते बसले. वाघ्याचें बूड जमिनीला टेकतें न टेकतें तोंच “हां!” म्हणावयाचें आणि तुकडा द्यावयाचा. एवढेंच. मात्र हा “हां” त्याच क्षणीं यावा लागतो. पांच पळें उशीर झाला तर तोंवर कुत्रा उठून कान खाजवूं लागलेला असतो, आणि बक्षीस त्या खाजवण्याला मिळतें.

ही युक्ति कोठली, म्हणून आम्हीं विचारलें. जर्मनींतले एक पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांनीं १९१० सालीं श्वानशिक्षणावर ग्रंथ लिहिला. त्यांत शास्त्र होतें, तसा दंडाहि होता. पुढें १९६३ पासून हवाई बेटांत करेन प्रायर नांवाच्या बाई डॉल्फिन माशांना खेळ शिकवूं लागल्या. (तो मासा नव्हे, सस्तन प्राणी, असें चिरंजीवांनीं आम्हांस सुधारलें.) पाण्यांतल्या प्राण्याला साखळी घालतां येत नाहीं, छडी मारतां येत नाहीं, रागें भरलांत तर तो निघून जातो. म्हणून बाईंनीं शिट्टी आणि मासळीचा तुकडा यांवरच सारें शिक्षण चालविलें, आणि तीच रीत पुढें कुत्र्यांकडे आणली. त्यांचा ग्रंथ १९८४ सालचा. ज्या विद्यार्थ्यास मारणें शक्यच नाहीं त्याच्या शिक्षकाला विचार करणें भाग पडतें, ही गोष्ट आम्हांस रात्रीं बराच वेळ झोंप लागूं देईना.

दुसऱ्या दिवशीं आम्हींच तुकडे हातीं घेतले. “बस! अरे बस! बस म्हणतों ना! बस!” सहाव्या खेपेस वाघ्या बसला. आम्ही विजयानें वळलों, तों चिरंजीव म्हणाले, “काका, तुम्ही सहा वेळां म्हणालांत. आतां तो असें शिकला कीं ‘बस’ सहा वेळां म्हणून झाल्यावर बसावयाचें असतें.” आमच्या छत्तीस वर्षांच्या “गप्प बसा” चा हिशेब आम्हांस त्या क्षणीं लागला.

महाभारताच्या आदिपर्वांत जनमेजयाच्या सत्रांत शिरलेल्या सरमेच्या पिल्लास राजाच्या भावांनीं मारलें. त्यानें हविर्द्रव्य चाटलें नव्हतें, त्याकडे पाहिलेंहि नव्हतें. तें रडत आईपाशीं गेलें. सरमेनें येऊन विचारलें, याचा अपराध काय? कोणापाशीं उत्तर नव्हतें. निरपराध्यास मारलेंत म्हणून न दिसणारें भय तुमच्यावर येईल, असा तिनें शाप दिला. हा भाग आम्हीं अनेक वर्षें मोठ्या रसानें शिकविला. त्याच वर्षांतल्या एका वर्षीं, एका शाळेंत, शाईची बाटली फोडल्याबद्दल एका मुलाच्या तळहातावर आम्हीं छड्या मारल्या. मधल्या सुटींत कळलें कीं बाटली दुसऱ्यानेंच फोडली होती. आम्हीं त्यास बोलावून तसें सांगितलें नाहीं. वर्गाचा वचक जाईल असें वाटलें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळांतून शारीरिक शिक्षेस मनाई केली, तोंवर आमच्या हातांतली छडी पुष्कळ झिजली होती. तो मुलगा आज बाजारांत किराण्याचें दुकान चालवितो. गूळ आम्ही त्याजकडूनच आणतों, आणि तो विषय आजवर आमच्यानें काढवलेला नाहीं.

बारा दिवसांत वाघ्या माणूस आला असतां बसूं लागला. मोटारसायकल दिसली कीं अजून गुरगुरतो. तें जाण्यास महिने लागतील, कदाचित् पुरतें जाणारहि नाहीं, असें चिरंजीवांनीं शेजाऱ्यांस स्पष्ट सांगितलें. गिऱ्हाइकास असें सांगणारा माणूस धंद्यांत टिकेल कीं बुडेल, हें आम्हांस ठरवितां येईना.

बंधूंचा दूरध्वनि आला. मुलास चार शब्द सांगून परत कचेरींत धाडा, असा त्यांचा आग्रह. आम्हीं कळविलें कीं अडवूं नका. एका वर्षाचा घरखर्च बाजूस काढून ठेवूं द्या, आणि चावा बसण्यापूर्वीं घ्यावयाची रेबीजची लस त्यास घेऊं द्या. सूनबाई आपली नोकरी सोडणार नाहींत, हें त्यांनीं आधींच सांगून टाकलें आहे. त्यामुळें आमचा निम्मा घोर कमी झाला.

जातांना चिरंजीव म्हणाले कीं या धंद्यांत कुत्रें शिकविणें सोपें, घर शिकविणें अवघड. एकत्र कुटुंबांत तर विचारूं नये. आजोबा “बस” म्हणतात, नातू “सिट” म्हणतो, सून “हट्” म्हणते, आणि आजी जेवतांना पाटाजवळून पोळीचा तुकडा टाकते. सगळ्यांनीं एक शब्द ठरवून तो एकदांच उच्चारावयाचा, हें पटविण्यांतच शिकवणीचा पहिला आठवडा जातो.

काल सायंकाळीं आम्ही मागल्या दारीं गेलों, तों सौभाग्यवती पदराआड भाकरी घेऊन उभ्या होत्या, आणि पुढ्यांत वाघ्या. “बस” त्या एकदांच म्हणाल्या.