भंडारदऱ्याहून एक अर्ज

एप्रिलच्या अखेरीस चार दिवस आम्ही भंडारदऱ्याला बहिणीकडे होतो. हवा खायला नव्हे, भाचीने बोलावून घेतले होते. "मामू, एक पत्र लिहायचंय आणि घरात कुणाचं एकमत होत नाही," एवढेच ती फोनवर म्हणाली.

तिला अमेरिकेतील एका लहान महाविद्यालयात पदवीसाठी प्रवेश मिळाला होता. राहणे-जेवण धरून वर्षाचा खर्च ७७,००० डॉलर. त्यातले ६६,००० महाविद्यालय स्वतः देणार. उरले ११,०००, म्हणजे डॉलर ८५ रुपयांना धरला तर ९ लाख ३५ हजार. मेहुण्यांची धरणालगत शेंडी गावात खानावळ आहे, वर पर्यटकांसाठी दोन खोल्या. सगळी मिळून वर्षाची कमाई साडेसहा लाख. होकार कळवायची मुदत १ मे.

भाचीचे म्हणणे, अजून मदत मागावी. मेहुण्यांना भीती, की जास्त मागितले तर मिळालेलेही जाईल. आणि तिच्या दादींचे एकच वाक्य होते, "आपल्या घरात कुणी हात पसरले नाहीत."

मेहुण्यांची भीती आम्ही लगेच काढून टाकली. प्रवेश दिल्यावर मदतीचा फेरविचार मागितला म्हणून प्रवेश काढून घेण्याची तिकडे रीत नाही. खरी अडचण आधीच्या पायरीवर असते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशा मोजक्या संस्था सोडल्या तर बहुतेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देतानाच त्याला किती पैसे लागतील हे पाहतात. आणि पुष्कळ ठिकाणी प्रवेश अर्जासोबत मदत मागितली नाही, तर पुढची चारही वर्षे मागता येत नाही. भाचीने तेव्हाच मागितली होती. तिथल्या केंद्र सरकारची विद्यार्थी मदत परदेशी मुलांना मिळत नाही, त्यामुळे हे पैसे महाविद्यालयाच्या स्वतःच्या तिजोरीतले. वाढवायचे की नाही हे तिथले कार्यालयच ठरवते. म्हणून पत्राला किंमत.

दादींचे म्हणणे मात्र झटकून टाकण्यासारखे नव्हते. सवाल करण्याची लाज आपल्या घरांत मुरलेली आहे आणि ती चांगलीच आहे. त्यांना आम्ही आनंदीबाई जोशींची हकीकत सांगितली. १८८३ सालच्या जूनमध्ये, अमेरिकेत उतरून महिनाही झाला नव्हता तेव्हा, या अठरा वर्षांच्या मुलीने फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाला पत्र लिहिले. आपण काय शिकलो, कुठे कमी पडतो, हे तिने लपवले नाही. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी हे शिक्षण हवे, असे लिहिले. आणि स्वतःसाठी काही मागत नाही, पण या कामाला लायक होण्यासाठी जे लागेल ते मागते, असे स्पष्ट कळवले. महाविद्यालयाने प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. दादी सगळे ऐकून म्हणाल्या, "मग खोटं काही लिहू नका." ती परवानगी समजून आम्ही कागद काढले.

खोट्याचा विषय उगाच निघाला नव्हता. शहरातल्या एका सल्लागाराने मेहुण्यांना सुचवले होते, की मदतीच्या अर्जात कमाई निम्मी दाखवा आणि व्हिसाच्या वेळी नातेवाइकांकडून पंधरा दिवसांसाठी पैसे घेऊन खात्यावर ठेवा. म्हणजे कॉलेजसाठी गरीब आणि वकिलातीसाठी श्रीमंत! पहिल्या वर्षाच्या पैशांचा पुरावा पाहूनच महाविद्यालय आय-२० हा कागद देते आणि त्या कागदावर व्हिसा मिळतो. एकाच घराचे दोन हिशेब कधी ना कधी समोरासमोर येतात, आणि मग फसते ती मुलगी, सल्लागार नव्हे.

दोन रात्री हिशेब चालला. मदतीच्या फॉर्ममध्ये उत्पन्नाचे वार्षिक आकडे मागतात. त्यातून शेंडीची खानावळ कळत नाही. इथे पैसा येतो तो काजव्यांच्या दोन-तीन आठवड्यांत आणि पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी. एखाद्या वर्षी दरड कोसळून रस्ता बंद झाला, की तो महिना गेला. म्हणून तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे आणि तहसीलदारांचा दाखला यांच्यासोबत महिनावार जमाखर्चाचा तक्ता जोडला. सातबारा दाखवावा की नाही यावर भाची अडली. आम्ही म्हटले, दाखवायचाच. भातखाचर तीन भावांच्या नावावर आहे, एकट्याला विकता येत नाही, हेही खाली लिहायचे. गेल्या वर्षीच्या दादींच्या ऑपरेशनचे बिल होते, ते पहिल्या अर्जात राहून गेले होते. फेरविचारासाठी असा नवा कागद सर्वांत उपयोगी पडतो.

कर्जाचा प्रश्न उरला. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज घेताना बँका साधारणपणे तारण मागतात. ते नाही, आणि व्याजाचे कर्ज या घराने कधी घेतलेले नाही. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचे व्याज भरणारी अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची 'पढो परदेश' योजनाही केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली आहे. मेहुण्यांच्या मसुद्यात व्याजाच्या मनाईवर अख्खे पान होते. आम्ही ते एका ओळीवर आणले, की आमच्या श्रद्धेनुसार आम्ही व्याजी कर्ज घेत नाही, म्हणून आमच्या वाट्यात कर्ज धरू नये. समोरच्याला माहिती हवी असते, वाझ नव्हे.

पत्र एका पानाचे झाले. आधी आभार, मग आकडा: आम्ही ३,५०० डॉलर देऊ शकतो, ७,५०० कमी पडतात. 'जमेल तेवढी मदत करावी' असे मेहुण्यांना लिहायचे होते. आम्ही नको म्हटले. आकडा नसला की समोरचा काय देणार? शेवटी एक प्रश्न घातला, ही मदत चारही वर्षे मिळेल का? तो विचारायचा पुष्कळ जण विसरतात आणि दुसऱ्या वर्षी मूल परत येते. सही भाचीची. पत्र विद्यार्थ्याचेच असावे.

सहाव्या दिवशी रात्री उत्तर आले. ५,००० डॉलर वाढवले होते. परिस्थिती अशीच राहिली तर पुढेही मिळतील, कागद मात्र दरवर्षी द्यावे लागतील. आवारातच काम मिळू शकेल, सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. पण तो पगार तिकडे गेल्यावरचा, आधीच्या हिशेबात धरता येत नाही. म्हणजे २,५०० डॉलर अजून कमीच, २ लाख साडेबारा हजार रुपये.

ते तिच्या थोरल्या चाचांनी कर्जे-हसना म्हणून दिले. दादींनी हट्ट धरला, की घरातले असले तरी लिहून घ्या. स्टँप पेपरवर रक्कम आणि फेडीची मुदत लिहिली, साक्षीदार म्हणून आम्ही आणि शेजारचे दुकानदार. कर्जदाराच्या जागी मेहुणे सही करायला बसले, तर भाची म्हणाली, "अब्बा, ते मी फेडणार आहे, सही माझी." मग दोघांनी केली.