निकाल विरुद्ध गेला म्हणून कूळपण गेले काय?

कूळबांधवांनो, मुंडकार भावांनो, २० एप्रिल १९७६ ही तारीख तुम्हांला कोणी सांगायला नको. पाचव्या दुरुस्तीने त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मानीव मालक झाले. भाटकारांनी ती दुरुस्तीही कोर्टात खेचली; १९८४ साली ती घटनेच्या नवव्या परिशिष्टात गेली तेव्हा कुठे तिला कवच मिळाले. कायदा जिंकला. पण एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव लागण्यासाठी आजोबांनी घातलेला अर्ज नातू चालवतो आहे, अशी घरे गोव्यात थोडी नाहीत!

वाट तुम्हांला ठाऊक आहे. आधी मामलेदार, मग अपिलासाठी उपजिल्हाधिकारी, मग फेरतपासणीसाठी प्रशासकीय न्यायाधिकरण. भाटात घर असलेल्या रापणकाराचा मुंडकारी दावाही याच वाटेने जातो. आणि न्यायाधिकरणात निकाल उलटा लागला की? पुढे अपिलाचा हक्क नाही. पर्वरीच्या उच्च न्यायालयात घटनेच्या २२७ व्या कलमाखाली दाद मागायची. तिथे साक्षीपुरावा नव्याने ऐकत नाहीत. न्यायाधिकरणाने आपली मर्यादा ओलांडली काय, एवढेच पाहतात. त्यापुढे दिल्ली. तिथे आधी अपिलाची खास परवानगी मागावी लागते, उच्च न्यायालयाच्या निकालापासून नव्वद दिवसांच्या आत. ज्याने खाजनात जन्म घालवला, त्याने ‘माझे ऐका’ म्हणण्यासाठीही परवानगी मागायची!

भाटकाराला हे सोपे जाते. त्याचा वकील निकालाच्या दिवशी हजर असतो. तुमच्या हाती इंग्रजी कागद येतो, तोही लावणीच्या दिवसांत. मग उशीर होतो आणि उशिराचेच कारण पुढे करून दार लावून घेतले जाते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९८७ साली अनंतनागच्या भूसंपादनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उशिराच्या प्रत्येक दिवसाचा हिशेब अडाणीपणाने मागू नये, न्यायाकडे पाहावे. उशीर कोणाचा होता? सरकारचा, चार दिवसांचा. सरकारला जी सवलत मिळते, ती चिखलातल्या माणसाला नाकारण्याचे कारण काय?

तरी सवलतीवर विसंबू नका. निकाल लागेल त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या. वर दाद मागताना स्थगिती वेगळी मागा; नुसत्या अर्जाने भाटकाराचा ट्रॅक्टर थांबत नाही. घरच्या बाईच्या नावावर दावा असेल, तर उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.