स्टंटला ऑस्कर मिळणार, पण आपल्याला एकाही स्टंटमॅनचं नाव का आठवत नाही?

एप्रिल २०२५ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीनं सोशल मीडियावर एक पोस्ट टाकली. पोस्टमध्ये तीन चित्रपटांची दृश्यं होती. एक 'मिशन इम्पॉसिबल : घोस्ट प्रोटोकॉल'चं, दुसरं 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स'चं आणि तिसरं आपल्या राजामौलींच्या 'आरआरआर'चं. आपल्याकडे ती पोस्ट व्हायरल झाली ती अर्थातच तिसऱ्या फोटोमुळे. पण बातमी वेगळीच होती. २०२८ च्या शंभराव्या ऑस्करपासून 'स्टंट डिझाइन' या विभागात पुरस्कार दिला जाणार आहे. म्हणजे २०२७ मध्ये येणारे चित्रपट या शर्यतीत असतील.

आता तुम्ही म्हणाल, एवढी वर्षं हा पुरस्कार नव्हताच? नव्हता. 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड'नं ६ ऑस्कर जिंकले. एडिटिंग, साउंड, मेकअप, कपडे सगळ्याला बक्षीस मिळालं. पण वाळवंटात पळत्या गाड्यांवर उंच खांबांना लटकून झुलणाऱ्या माणसांच्या कामासाठी विभागच नव्हता. टीव्हीवाल्या एमीनं २००२ मध्ये स्टंटची दखल घ्यायला सुरुवात केली, हॉलिवूडच्या कलाकार संघटनेनं २००८ मध्ये. ऑस्कर मात्र थांबलं ते थांबलंच.

यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्यांत पुढे होते डेव्हिड लिच आणि चॅड स्टहेल्स्की. दोघेही आधी डुप्लिकेट. लिच ब्रॅड पिटचे, तर स्टहेल्स्की 'द मॅट्रिक्स'मध्ये कियानू रीव्हजचे. नंतर याच दोघांनी 'जॉन विक' उभा केला आणि गेल्या दहा वर्षांतल्या ॲक्शनची भाषाच बदलली. त्याआधीच्या अनेक चित्रपटांत कॅमेरा एवढा हलायचा आणि कट एवढे पडायचे की कोण कोणाला मारतंय ते कळायचं नाही. 'जॉन विक'मध्ये कॅमेरा लांब उभा राहतो आणि माणूस पूर्ण दिसतो. चौथ्या भागात पॅरिसच्या त्या २२२ पायऱ्यांवरून जॉन वर चढतो आणि पुन्हा खाली गडगडत येतो, तेव्हा थिएटरमध्ये लोक एकाच वेळी हसत आणि कळवळत होते. हे करायला माणूस खरोखर पडावा लागतो. रीव्हज बरंच काही स्वतः करतो, पण पायऱ्यांवरून तो गडगडला नाही. ते दुसऱ्या कुणाचं अंग होतं.

आपल्याकडचं याच जातीचं उदाहरण म्हणजे 'किल'. निखिल नागेश भट यांचा हा चित्रपट २०२४ मध्ये आपल्याकडे रिलीज झाला. धावती ट्रेन, अरुंद डबा, चाकू, आग विझवायचं सिलिंडर. चित्रपटाचं नाव पडद्यावर येतं तेव्हा जवळपास अर्धा चित्रपट होऊन गेलेला असतो आणि मग जे सुरू होतं ते पाहताना खुर्चीचे हात घट्ट पकडले जातात. माझ्या मते गेल्या काही वर्षांतली ही सर्वांत चांगली हिंदी ॲक्शन आहे. त्यात रक्त भरपूर आहे, पण भारी आहे ती त्यातली जागा. दोन बर्थच्या मधल्या पॅसेजमध्ये हात पूर्ण मागे नेऊन ठोसा मारताच येत नाही, म्हणून मारामारीच वेगळी रचावी लागते. ॲक्शनसाठी कोरियाचे ओ से-यंग आणि आपले परवेझ शेख ही जोडी होती. 'किल'वर रील्स शेकड्यांनी निघाली. त्यात ही दोन नावं किती वेळा दिसली, हे तुम्हीच आठवून बघा.

हा विसरभोळेपणा जुना आहे. 'शोले'त बसंतीचा टांगा पळवताना अनेक शॉट्समध्ये हेमामालिनी नव्हत्या, रेश्मा पठाण होत्या. शूटिंगमध्ये टांगा उलटून त्या जखमीही झाल्या. त्यांचं नाव घराघरांत पोहोचायला 'द शोले गर्ल' हा चित्रपट यावा लागला, तोही २०१९ मध्ये. मधे ४४ वर्षं गेली.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. पुरस्काराच्या बाबतीत आपण ऑस्करच्या पुढे आहोत. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत स्टंटचा विभाग आला आणि पीटर हेन यांना मल्याळम 'पुलीमुरुगन'साठी पहिला मान मिळाला. पुढे 'आरआरआर'साठी किंग सोलोमन यांना मिळाला. म्हणजे अकॅडमीनं ज्या चित्रपटाचा फोटो वापरला, त्याच्या ॲक्शनला आपण आधीच गौरवलं होतं.

मग अडचण कुठे आहे?

१३ जुलै २०२५. तामिळनाडूतल्या नागपट्टिनम जिल्ह्यात पा. रंजित यांच्या 'वेट्टुवम'चं शूटिंग सुरू होतं. गाडी रॅम्पवरून उडवायची होती. गाडी उलटली आणि अनुभवी स्टंटमॅन एस. एम. राजू यांचा मृत्यू झाला. व्हिडिओ काही तासांत सगळीकडे फिरला. २०१६ मध्ये बंगळुरूजवळ 'मस्तीगुडी'च्या शूटिंगमध्ये हेलिकॉप्टरमधून तलावात उडी मारणारे अनिल आणि उदय हे दोन कलाकार बुडाले होते. तेव्हाही असाच व्हिडिओ फिरला होता.

ऑस्करमध्ये हा विभाग नको म्हणणाऱ्यांचा एक जुना मुद्दा इथेच येतो : बक्षीस ठेवलं तर लोक आणखी धोकादायक स्टंट करतील. मला हा मुद्दा उलटा वाटतो. पुरस्काराच्या नावातला 'डिझाइन' शब्द बघा. 'द फॉल गाय'मध्ये लोगन हॉलडे यांनी गाडीला साडेआठ कोलांट्या मारायला लावल्या आणि 'कसिनो रोयाल'चा सात कोलांट्यांचा विक्रम मोडला. यात गाडीच्या तळाला वायूच्या दाबावर चालणारी तोफ बसवतात. ठरलेल्या क्षणी ती जमिनीला धक्का देते आणि गाडी उलटते. वेग किती, जमीन भुसभुशीत की टणक, आतला लोखंडी सांगाडा किती जाड, बेल्ट कसे, हे सगळं आधी मोजलेलं असतं. स्टंट म्हणजे छातीठोक धाडस ही आपली समजूत आहे, धंद्यातल्या लोकांची नाही. बक्षीस द्यायचंच तर ते या मोजमापाला द्यावं.

आपल्याकडे या मोजमापाला वेळ आणि पैसा मिळतो का, हा खरा प्रश्न. राजू यांच्या मृत्यूनंतर ॲक्शन दिग्दर्शक विक्रमसिंह दहिया यांनी सांगितलं की, अक्षय कुमारच्या पुढाकारानं साधारण ६५० ते ७०० स्टंट कलाकारांना विम्याचं संरक्षण आहे. ५ ते साडेपाच लाखांपर्यंतचे उपचार कॅशलेस होतात, मग अपघात सेटवर होवो की बाहेर. अक्षयचं कौतुकच. पण वर्षाला शेकडो चित्रपट काढणाऱ्या इंडस्ट्रीत स्टंटमॅनचा विमा एका हिरोच्या मनावर अवलंबून असावा, हे ऐकून कसंतरीच होतं.

यात एक नवी घडामोड आहे, जिच्याकडे सिनेमाच्या पेजेसनी फारसं लक्ष दिलं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राचे चार नवे कामगार कायदे लागू झाले. सरकारनं तेव्हा दिलेल्या माहितीत डबिंग कलाकारांसोबत स्टंट करणाऱ्यांचा थेट उल्लेख आहे. त्यांना नेमणूकपत्र मिळणं बंधनकारक आहे आणि त्यात पद, पगार आणि सामाजिक सुरक्षेचे हक्क लिहिलेले असले पाहिजेत. कागदावर हे मोठं आहे. अडचण अशी की स्टंटमॅनला बऱ्याचदा आदल्या रात्री फोन येतो, सकाळी सेटवर पोहोचायचं आणि दिवसाचे पैसे घ्यायचे. त्या फोनचं नेमणूकपत्रात रूपांतर कोण करणार, निर्माता की फाइट मास्टर, इथे घोडं अडू शकतं.

तिकडे ऑस्करचे पात्रतेचे आणि मतदानाचे नियम २०२७ मध्ये जाहीर होणार आहेत. कोणाला नामांकन मिळेल याच्या याद्या तेव्हा सगळेच करतील. मी आधी बघणार आहे की, ज्या चित्रपटाच्या सेटवर स्टंट करताना कुणाचा जीव गेला, तो चित्रपट या विभागात चालेल की नाही, याबद्दल त्यात एखादी ओळ आहे का.