नाकारणाऱ्याने कारण द्यावे

युरोपकडून अमेरिकी विद्यापीठांनी काय शिकावे, असा विषय निघाला की चर्चा दोनच गोष्टींवर अडते: जर्मनीतले बिनफीचे शिक्षण आणि तीन वर्षांची पदवी. मला खरा धडा अगदी कारकुनी वाटतो. एका ठिकाणी पुरा केलेला अभ्यास दुसऱ्या ठिकाणी धरायचा की नाही, आणि नाकारायचा तर ते सिद्ध कोणी करायचे?

अमेरिकेत बेताच्या ऐपतीची अनेक मुले आधी स्वस्त कम्युनिटी कॉलेजात शिकतात, मग विद्यापीठात जातात. तिथे जुनी क्रेडिट्स नाकारली की तोच विषय पुन्हा, चढ्या दराने घ्यावा लागतो. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा २०१७चा अंदाज आहे की, २००४ ते २००९ दरम्यान संस्था बदलणाऱ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स बुडाली. याला स्वायत्तता कसे म्हणायचे? जो नाकारतो, फी त्याच्याच गल्ल्यात पडते.

युरोपने हा प्रश्न उलटा मांडला. १९९७च्या लिस्बन करारानुसार ठोस फरक दाखवता आला तरच मान्यता नाकारता येते, आणि तो दाखवण्याची जबाबदारी संस्थेची. १९९९मध्ये २९ देशांनी बोलोन्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. वर्षाला ६० क्रेडिट्स, म्हणजे विद्यार्थ्याचे साधारण १५०० ते १८०० तासांचे काम, हे माप सर्वदूर रुजले. लिस्बन करारावर अमेरिकेनेही सही केली. मंजुरी मात्र दिलेली नाही.

"आमची पन्नास राज्ये, प्रत्येकाचे कायदे वेगळे," ही सबब मला पटत नाही. तिकडे तर देश वेगळे, भाषा वेगळ्या, आणि बोलोन्या जाहीरनामा कायद्याने बंधनकारकही नव्हता.

युरोपात सारे आलबेल आहे, असे नाही. कोंबून भरलेल्या अभ्यासक्रमांविरुद्ध २००९मध्ये व्हिएन्नाच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाचे मुख्य सभागृह ताब्यात घेतले होते. नियम असूनही अडवणूक होतेच. पण तिथे अडवलेल्या विद्यार्थ्याच्या हाती नियम असतो. अमेरिकेत बहुधा विनंतीअर्जच असतो. भारतातली तीन वर्षांची पदवी घेऊन तिकडे एम.एस.ला अर्ज करणाऱ्या आपल्या मुलांना 'एक वर्ष कमी पडते' हे उत्तर चांगले ओळखीचे आहे. त्या तीन वर्षांत काय शिकलात, हे विचारण्याआधीच ते मिळते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पेल अनुदान आणि सरकारी कर्जांतून ज्या विद्यापीठाकडे जनतेचा पैसा जातो, त्याने नाकारलेल्या प्रत्येक विषयामागे लेखी कारण द्यावे. कारण देता येत नसेल, तर क्रेडिट द्यावे.