बंद खाणीचा राखणदार

गावातील एखादी विहीर आटली व तिचे पाणी कोणी भरेनासे झाले, म्हणजे ती विहीर संपली असे समजणाऱ्याला शहाणा म्हणता येणार नाही. वापरातील विहिरीवर दिवसभर माणसांचा राबता असतो. पडक्या विहिरीकडे कोणाचेच लक्ष नसते आणि म्हणूनच तिचा कठडा ढासळला की गुरे व मुले तीतच पडतात. जी गोष्ट विहिरीची, तीच खाणीची. खाण चालू असते तोवर मालक, मुकादम, मजूर व सरकारी तपासनीस या सर्वांचे डोळे तिच्यावर असतात. ती बंद पडली की हे डोळे एकामागून एक दुसरीकडे वळतात. मग तिच्यावर पहारा कोणी ठेवावा व किती काळ ठेवावा? या प्रश्नाचे गांभीर्य कळावे म्हणून कॅनडा देशातील एका खाणीची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

कॅनडाच्या अतिउत्तरेस ग्रेट स्लेव्ह नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या काठी यलोनाइफ शहर वसले असून शहराला लागूनच ‘जायंट’ नावाची सोन्याची खाण आहे. आमच्या गोमंतकीय वाचकांना परिचित असलेल्या खाणी उघड्यावर खणलेल्या असतात. जायंट खाणीचा बराच मोठा भाग मात्र भूमीच्या पोटात आहे. १९४८ साली तेथे सोने निघू लागले आणि पुढील अर्धशतकात सुमारे २२० टन सोने बाहेर आले.

परंतु त्या खडकात सोन्याबरोबर सोमलही मिसळलेला होता. सोने सुटे करण्यासाठी खडक भाजावा लागे आणि भाजताना सोमल धुरावाटे बाहेर पडे. आरंभीची काही वर्षे हा विषारी धूर अडविण्याची कोणतीच व्यवस्था नव्हती. तो बर्फावर बसे, आणि तेथील मूळचे रहिवासी डेने लोक तर बर्फ वितळवूनच पिण्याचे पाणी करीत. १९५१ साली त्या पाण्याने विषबाधा होऊन एक डेने बालक दगावले. त्या जिवाबद्दल कंपनीने आईबापांना ७५० डॉलर दिले!

त्याच वर्षापासून धुरातील सोमल यंत्राने पकडून जमिनीखालच्या दालनांत साठविण्यास प्रारंभ झाला. जमीन तेथे गोठलेलीच असते, तेव्हा विष जागच्या जागी राहील, असा हिशेब होता. पण खोदकामाने ती गोठण नाहीशी झाली आणि हिशेब चुकला. आज त्या दालनांत २ लक्ष ३७ हजार टन सोमलाची भुकटी आहे. ती पाण्यात विरघळते. म्हणून खाणीत झिरपणारे पाणी सतत उपसून, शुद्ध करून मगच सोडावे लागते. सोने काढणे संपले तरी पंप थांबविता येत नाहीत.

१९९९ साली मालक कंपनीचे दिवाळे निघाले. दुसऱ्या एका कंपनीने २००४ पर्यंत तेथील थोडे खनिज काढून नेले, परंतु साठलेल्या विषाची जबाबदारी तिने पत्करली नाही. ती येऊन पडली सरकारच्या, म्हणजे अर्थात जनतेच्या डोक्यावर. २०२२ साली जाहीर झालेल्या अंदाजाप्रमाणे खाणीच्या शुद्धीकरणाला ४३८ कोटी कॅनेडियन डॉलर लागणार आहेत. सोन्याचा नफा एकाने नेला आणि विषाचे देणे दुसऱ्यांनी फेडावे, असा हा व्यवहार झाला.

सरकारने योजना केली ती अशी. दालनांभोवती नळ्या बसवावयाच्या. नळ्यांतील वायू जमिनीतील उष्णता वर आणून हवेत सोडतो आणि त्यामुळे सोमलासह सभोवारचा खडक गोठून राहतो. उपाय चतुराईचा खरा, पण त्याने विष नाहीसे होत नाही, कोंडले जाते. कोंडलेल्याला राखण हवी. येथेच खरा पेच उत्पन्न झाला. खाणीचा ताबा सरकारकडे, शुद्धीकरण करणारे सरकार आणि काम नीट झाले की नाही हे सांगणारेही बहुतांशी सरकारच. शेताचा रखवालदार आणि पिकाचा हिशेब तपासणारा एकच असेल, तर तो मनुष्य कितीही सचोटीचा असला तरी शेजाऱ्यांचा विश्वास बसणे कठीण.

२००८ साली यलोनाइफच्या नगरपालिकेने मागणी केली की, या योजनेची संपूर्ण चौकशी व्हावी. डेने लोकांनी व अन्य नागरिकांनीही आपले म्हणणे आग्रहाने मांडले. २०१३ साली चौकशी मंडळाचा अहवाल आला व पुढील वर्षी सरकारने तो काही फेरबदलांसह मान्य केला. त्यातील दोन गोष्टी आम्हांस फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की, गोठविण्याचा उपाय कायमचा न मानता जास्तीत जास्त शंभर वर्षांचा मानावा आणि त्या अवधीत विष समूळ नष्ट करण्याची विद्या शोधावी. दुसरी ही की, सरकारच्या कामावर नजर ठेवण्यासाठी स्वतंत्र मंडळ असावे. त्याप्रमाणे २०१५ साली करार होऊन सहा संचालकांचे देखरेख मंडळ स्थापन झाले. केंद्र व प्रांत सरकारांबरोबर नगरपालिका, डेने, मेटी समाज व एक नागरिक संघटना यांनाही आपापला संचालक नेमण्याचा अधिकार मिळाला. मंडळ दरवर्षी आपला अहवाल लोकांपुढे ठेवते व शाश्वत उपायाच्या संशोधनास साहाय्य करते. प्रत्यक्ष शुद्धीकरणाचे मुख्य काम २०२१ साली सुरू झाले.

आपल्या देशातही हा प्रश्न नवा नाही. कर्नाटकातील कोलार येथील सोन्याच्या खाणी २००१ साली बंद झाल्या. तेथे खडकाच्या गाळाचे प्रचंड ढिगारे उरले आहेत व वाऱ्याबरोबर त्यांची धूळ वस्तीत येते. २००३ साली आपल्या सरकारने नियमांत दुरुस्ती केली. खाण बंद करण्याची योजना आधीच तयार करावी, ती मंजूर करून घ्यावी आणि त्या कामासाठी आर्थिक हमीही द्यावी, असे बंधन खाणमालकांवर आले. कोळसा व काही खनिजे वगळता या योजना तपासण्याचे काम नागपूर येथे मुख्य कचेरी असलेल्या भारतीय खाण ब्यूरोकडे आहे. नियम चांगला आहे. मात्र खाण बंद झाल्यावर तेथे पुन्हा पुन्हा जाऊन पाहणारा कोणी नसेल, तर कागदावरील योजना कागदावरच राहील.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या गावाजवळ खाणी आहेत, कित्येकांच्या जवळ उद्या निघतील. अशा वेळी जनसुनावणी भरते आणि बहुतेक बोलणे नोकऱ्या, रस्ते व जमिनीचा मोबदला यांवरच होते. तेही बोललेच पाहिजे. पण त्याबरोबर आणखी काही प्रश्न विचारावयास विसरू नये. खाण बंद होईल तेव्हा पाण्याची परीक्षा कोण करील? त्या खर्चाचा पैसा आज कोठे ठेवला आहे? जमिनीखाली काय उरले याचे नकाशे गावाच्या दप्तरी येतील काय? आणि देखरेख करणाऱ्यांत गावचा मनुष्य असेल काय? ही उत्तरे लेखी मागावी आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवावी. यलोनाइफच्या लोकांना आपला संचालक नेमण्याचा हक्क मिळण्यास खाण बंद झाल्यानंतरही कित्येक वर्षे झगडावे लागले. आपण पहिली कुदळ पडण्यापूर्वीच तो मागितला, तर पुढच्या पिढीला तितके झगडावे लागणार नाही.